ताप उतरत नाही, तेव्हा कोणाला विचारायचं?

पावसाळ्यातला बहुतेक ताप चार-पाच दिवसांत उतरतो आणि त्यासाठी फॅमिली डॉक्टर पुरेसे असतात. कसोटी लागते ती त्यापुढे. दुसरं अँटिबायोटिक संपलं, तिसरं सुरू झालं, रिपोर्टची फाइल जाड झाली, ताप मात्र तसाच. अशा वेळी आणखी एक औषध बदलण्याआधी संसर्गजन्य रोगतज्ज्ञांचं मत घ्यायला हवं.

स्क्रब टायफसच पाहा. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात त्याची साथ आली होती. गवत-झुडपांतल्या चिगर नावाच्या बारीक किड्याच्या चाव्यातून तो होतो. चावल्या जागी अनेकांना न दुखणारी काळी खपली धरते. पण ती काखेत किंवा जांघेत असली, तर अंग नीट तपासल्याशिवाय सापडत नाही. हे जंतू पेशींच्या आत राहतात. त्यामुळे सेफ्ट्रियाक्सोनसारखी नेहमीची इंजेक्शनं त्यांच्यावर चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन चालतं आणि ते स्वस्तही आहे. उशीर झाला, तर फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

म्हणूनच संसर्गजन्य रोगतज्ज्ञ आधी खोदून विचारतात. शेतात काम केलं का? तुंबलेल्या पाण्यातून चाललात का? कच्चं दूध प्यायलात का? प्रवास कुठे झाला? या उत्तरांतून लेप्टो, ब्रुसेला, मलेरिया अशा आजारांचा माग लागतो.

आठवडा उलटूनही निदान नसेल, कल्चरमध्ये बहुतेक औषधांना दाद न देणारा जंतू आला असेल, रक्तात, हृदयाच्या झडपेत किंवा बदललेल्या गुडघ्यात संसर्ग असेल, टीबीची औषधं घेऊनही फरक नसेल, तर त्यांना गाठावं. केमोथेरपी सुरू असलेल्या, अवयव प्रत्यारोपण झालेल्या किंवा एचआयव्हीबाधित रुग्णाने तापाचा आठवडाही मोजत बसू नये. आणि धाप, असंबद्ध बोलणं, लघवी कमी होणं ही लक्षणं दिसली, तर तज्ज्ञ शोधण्यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावं.

असे तज्ज्ञ मोजके आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत. तरी तुमचे डॉक्टर त्यांच्याशी फोनवर बोलू शकतात. तज्ज्ञांकडे जाताना तापाची नोंद, घेतलेल्या औषधांची नावं-तारखा आणि सगळे रिपोर्ट सोबत न्या. डॉक्टरांकडे ‘आणखी स्ट्राँग औषध द्या’ असा आग्रह धरू नका. ‘निदान काय आहे, आणि नसेल तर कोणाला दाखवू?’ एवढं जरूर विचारा.