स्वमग्नता : कारणमीमांसा आणि कुटुंबाचे स्थान

एखाद्या अवस्थेची कारणमीमांसा ही निव्वळ तात्त्विक बाब होय, असा समज पुष्कळदा आढळतो. स्वमग्नतेचा इतिहास पाहता तो टिकत नाही. कारणाविषयीचे मत बदलले की कुटुंबाकडे पाहण्याची दृष्टी बदलते, आणि तदनुसार साहाय्याचे स्वरूपही बदलते. प्रस्तुत लेखात ह्याच संबंधाचे थोडक्यात विवेचन करावयाचे आहे.

१९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर ह्यांनी ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. इतरांशी भावनिक संबंध जोडण्यातील अडचण, भाषेचा वेगळा वापर आणि नित्यक्रमातील बदल सहन न होणे ही लक्षणे त्यांनी नोंदविली. ही अडचण जन्मजात असावी, असे त्यांचे अनुमान होते. परंतु ह्या मुलांच्या आईबापांत जिव्हाळा बेताचाच दिसतो, असेही त्यांनी लिहिले. पुढील दोन दशकांत हे दुसरे विधानच प्रबळ ठरले. ब्रूनो बेटेलहाइम ह्यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात पालकांच्या वृत्तीवर दोषाचा मोठा भार टाकला. मुलाचे हित साधावयाचे तर त्यास घरापासून दूर ठेवावे, हा ह्या मताचा व्यावहारिक निष्कर्ष. ज्या मातेला आधार हवा, तिलाच आरोपी ठरविण्यात आले.

ह्या मताला १९६४ मध्येच बर्नार्ड रिमलंड ह्यांनी आव्हान दिले होते. ते स्वतः मानसशास्त्रज्ञ आणि एका स्वमग्न मुलाचे पिता होते. १९७७ साली सुझन फोलस्टीन व मायकेल रटर ह्यांनी जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास मांडला. ११ एकबीज जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न आढळली. १० द्विबीज जोड्यांत अशी एकही नव्हती. संख्या लहान असली तरी आनुवंशिकतेचा वाटा तीतून स्पष्ट झाला, आणि नंतरच्या संशोधनाने त्यास पुष्टीच दिली.

पालक दोषी नाहीत, एवढे सिद्ध झाल्याने त्यांचा प्रश्न मात्र सुटत नाही. दोषमुक्त झालेल्या पालकाला करावयाचे काय, हे कोणी सांगितले नाही तर तो केवळ प्रेक्षक उरतो. ह्या दृष्टीने गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे झालेला, २०१६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग उद्बोधक आहे. त्यात दोन ते नऊ वर्षे वयाची ६५ मुले होती. तज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी पालकांना मुलाबरोबरच्या खेळाचे चित्रण दाखवून, मुलाचे सूक्ष्म संकेत ओळखण्यास व त्यांना प्रतिसाद देण्यास शिकविले. पालकांचा प्रतिसाद अधिक सुसंगत झाला, आणि मुले आपण होऊन पालकांशी अधिक संपर्क साधू लागली. तथापि परस्परांचे लक्ष एकाच गोष्टीवर स्थिरावण्याचा काळ वाढला नाही, उलट घटला. ही मर्यादा दृष्टिआड करणे योग्य नव्हे. परंतु जेथे तज्ज्ञ दुर्मीळ, तेथे पालक हाच सहकारी होऊ शकतो, हे त्यावरून दिसते.

ह्याहून कठीण प्रश्न पुढचा आहे : आमच्या पश्चात काय? मूल १८ वर्षांचे झाले की आईबापांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते. १९९५ च्या अपंगविषयक अधिनियमात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने ती उणीव भरून काढली. जिल्हा पातळीवरील समिती प्रौढ व्यक्तीसाठीही पालक नेमू शकते, आणि अशा पालकास सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी सादर करावी लागते. २०१६ च्या अधिनियमात नमूद २१ अपंगत्वांत स्वमग्नतेचा समावेश असून, त्यात मर्यादित पालकत्वाची, म्हणजे त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून संयुक्तपणे निर्णय घेण्याची, कल्पना आहे. पहिला अधिनियम संरक्षणावर भर देतो, तर दुसरा इच्छेवर. दोहोंचा मेळ कसा घालावा, हा विधिशास्त्र, मानसशास्त्र व समाजकार्य ह्या तिन्ही शाखांपुढील खरा प्रश्न होय.

एकेकाळी शास्त्राने कुटुंबाला आरोपी मानले. पुढे त्यास सहकारी मानले. आता कुटुंबाच्या बरोबरीने त्या व्यक्तीचेही म्हणणे ऐकावयास हवे. ती बोलत नसेल, तर तिची पसंती-नापसंती ओळखण्याची साधने शोधणे हे संशोधकाचे काम ठरते. आईबाप हयात असतानाच हे काम झाले पाहिजे; कारण त्या संकेतांचा अर्थ आज अनेकदा त्यांनाच ठाऊक असतो.