पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन का होत नाही? चूक सर्व्हरच्या आत असू शकते

वर्डप्रेसच्या वेबसाइटवर एखाद्या ॲपमधून पोस्ट टाकायची आहे. युजरनेम बरोबर, पासवर्डही बरोबर. तरी उत्तर येतं ‘४०१’, म्हणजे ओळख पटली नाही. पासवर्ड बदलून पाहिला तरी तेच. अशा वेळी पासवर्ड बऱ्याचदा सर्व्हरपर्यंत व्यवस्थित पोहोचलेला असतो आणि तिथून पुढे हरवतो.

ॲप प्रत्येक विनंतीसोबत ‘ऑथोरायझेशन’ नावाचं हेडर पाठवतं. ‘बेसिक’ पद्धतीत त्यात पासवर्ड बेस६४ रूपात असतो. हे काही कुलूप नाही, कुणीही ते क्षणात उलगडू शकतं. म्हणूनच अपाची हा वेब सर्व्हर सीजीआय पद्धतीने चालणाऱ्या स्क्रिप्टपासून हे हेडर मुद्दाम लपवतो. हेतू चांगला आहे, पण इथे पासवर्ड तपासणार असतं वर्डप्रेस, आणि नेमकं त्यालाच काही दिसत नाही!

यावर तोडगा म्हणून डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या वर्डप्रेस ५.६ ने एचटीॲक्सेस फाइलमध्ये एक ओळ वाढवली. ती हेडरमधला मजकूर ‘एचटीटीपी_ऑथोरायझेशन’ या व्हेरिएबलमध्ये ठेवते.

खरी गंमत पुढे आहे. सुटसुटीत लिंक चालाव्यात म्हणून अपाची ती विनंती आतल्या आत इंडेक्स फाइलकडे वळवतो. हाच इंटर्नल रीडायरेक्ट. ब्राउझरला याचा पत्ताही लागत नाही, वरची लिंक तशीच राहते. पण वळवताना अपाची जुन्या व्हेरिएबलच्या नावापुढे ‘रीडायरेक्ट_’ जोडतो. दोनदा वळवलं, तर दोनदा! माहिती असते, फक्त नाव बदललेलं असतं, आणि जुन्या नावाने शोधणाऱ्या प्रोग्रॅमला ती सापडत नाही. वर्डप्रेस आता दोन्ही नावं तपासतं, मात्र स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये ही काळजी डेव्हलपरलाच घ्यावी लागते.

त्यामुळे पासवर्ड पुन्हा बदलण्याआधी स्क्रिप्टला कोणती व्हेरिएबल मिळताहेत ते छापून पाहावं. ‘रीडायरेक्ट_’ लागलेलं नाव दिसलं, तर कोडमध्ये तेही वाचावं. काहीच दिसलं नाही, तर अपाची २.४.१३ पासून ‘सीजीआयपासऑथ ऑन’ ही सोय आहे. होस्टिंग कंपनीकडे तक्रार करतानाही हेच सांगितलं, तर काम लवकर होतं.

तपासणीसाठी बनवलेलं पान मात्र लगेच डिलीट करावं. त्यावर पासवर्ड उघडा दिसत असतो.