आधी रस्ता बोलता हवा

पुढे मोठा ट्रक असेल आणि त्याच्याही पुढच्या मोटारीने करकचून ब्रेक दाबला, तर मागच्या चालकाला ते दिसत नाही, कॅमेऱ्यालाही नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने 1999 मध्ये 5.9 गिगाहर्ट्झच्या आसपासचा 75 मेगाहर्ट्झचा पट्टा वाहनांच्या आपसातल्या आणि रस्त्याशी होणाऱ्या संवादासाठी राखला. प्रत्येक गाडीने आपली जागा, वेग आणि दिशा सेकंदाला दहा वेळा जाहीर करायची, आणि तीनेकशे मीटरच्या टापूतल्या गाड्यांनी ती ऐकायची. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी दोन संदेशांच्या मधे पावणेदोन मीटरही सरकत नाही. मिशिगनमधल्या ॲन आर्बरमध्ये 2012 पासून सुमारे 2,800 गाड्यांवर हे करून पाहिले; तंत्र चालले. तरीही 2020 मध्ये आयोगाने त्यातला 45 मेगाहर्ट्झचा भाग वाय-फायला दिला. इतक्या वर्षांत पट्टा फारसा वापरलाच गेला नाही, हे त्यामागचे कारण.

माझ्या मते चूक तंत्रात नव्हती, क्रमात होती. शंभरातल्या दहा गाड्यांत हे यंत्र असेल, तर समोरासमोर आलेल्या दोन्ही गाड्यांत ते असण्याची शक्यता शंभरात एक. पदरमोड करून ते आधी बसवणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. रस्त्याशी बोलणे मात्र पहिल्या गाडीपासूनच कामी येते. सॉल्ट लेक सिटीच्या रेडवुड रोडवर 2017 पासून उशिरा धावणारी बस चौकातल्या यंत्रणेला तसे कळवते आणि सिग्नल जमेल तेव्हा हिरवा दिवा थोडा लांबवतो. बाकी एकाही मोटारीत यंत्र नसले, तरी बसमधल्या सगळ्यांचा वेळ वाचतो. आपल्या काचेवरच्या फास्टॅगचेही तेच. त्या स्टिकरला बॅटरी नसते. टोलनाक्यावरच्या यंत्राच्या लहरींतूनच ऊर्जा घेऊन तो आपला क्रमांक परत पाठवतो. फास्टॅग सक्तीमुळे पसरला, हा आक्षेप रास्त आहे: फेब्रुवारी 2021 पासून तो नसणाऱ्याला राष्ट्रीय महामार्गांवर दुप्पट टोल लागू झाला. पण ती सक्ती निभावली, कारण स्टिकर वाचणारी यंत्रे नाक्यांवर आधीच लागली होती.

हातात मोबाइल असताना वेगळा रेडिओ कशाला, असेही विचारले जाते. सिग्नल किती सेकंदांनी बदलणार, हे सांगायला मोबाइल पुरेल. ब्रेकची बातमी मात्र टॉवरला वळसा घालून येईपर्यंत थांबता येत नाही, आणि घाटात तर टॉवर सापडेलच असे नाही. म्हणूनच उरलेला 30 मेगाहर्ट्झचा पट्टा ज्या नव्या, मोबाइल तंत्रातून निघालेल्या पद्धतीला मिळाला, तीही गाडीशी थेटच बोलते. शंभरात एकचे गणित तिलाही चुकलेले नाही. तिची पहिली यंत्रे चौकातल्या सिग्नलच्या खांबांवर चढायला हवीत.