गाडीतला गवाह आणि त्याची यूएसबी

पेढीवरचा प्रत्येक कागद आपण जपतो. बिल, चलन, वाहतूकदाराची पावती, पार्टीची सही. सूरह बकराची २८२ वी आयत, जी कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि गवाह घेण्याबद्दलच आहे. मात्र हाच हिशेबी व्यापारी गाडी घेऊन रस्त्यावर उतरला की त्याच्यापाशी कसलाच पुरावा नसतो. धक्का कोणी दिला, सिग्नल कोणाचा होता, गाडी अडवणाऱ्याने आधी काय केले, हे सांगणारा कोणी नाही. गर्दी जमते आणि चालकाचे नाव विचारूनच पुष्कळदा निकाल लागतो. हे आपण सारे जाणतो, अधिक लिहीत नाही.

म्हणून गाडीतल्या कॅमेऱ्याची आम्हाला गरज वाटते. नव्या गाड्यांत तो कारखान्यातूनच बसून येतो. टेस्ला कंपनीने जुलै २०२५ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात दालन उघडले. गाडीची किंमत तेव्हा सुमारे ६० लाखांपासून पुढे होती, म्हणजे आपल्यापैकी फार थोड्यांच्या आवाक्यातली. तथापि दुबई, इंग्लंड, अमेरिकेतील आपले कोकणी बांधव ही गाडी बऱ्याच वर्षांपासून चालवतात. त्यांच्याकडून आम्हाला वारंवार विचारणा होते की कॅमेरे तर आहेत, मग चित्रण कुठे जाते? उत्तर साधे आहे. यूएसबी ड्राइव्ह नसेल तर सांभाळून ठेवण्यासारखे काहीच हाती लागत नाही.

आता ड्राइव्ह कोणती घ्यावी? कंपनी किमान ६४ जीबीची मागते आणि सतत लिहिण्याचा वेग सेकंदाला किमान ४ एमबी सांगते. या वेगाने हिशेब केला तर तासाला साधारण १४ जीबी होतात. गाडी उभी असताना राखण करणारी सेंट्री सोय वापरणार असाल तर १२८ किंवा २५६ जीबी घेतलेली बरी. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत जो वेग छापतात तो बहुधा वाचण्याचा असतो. आपल्याला लिहिण्याचा वेग हवा, तोही सतत टिकणारा.

इथे एक धोक्याची सूचना. बाजारात कवडीमोल भावात १ टीबीच्या ड्राइव्ह मिळतात. त्या आम्ही सुताच्या नावाखाली पॉलिस्टर विकण्याच्या जातीतल्या मानतो. संगणकाला १ टीबी दिसते, आत मात्र १६ किंवा ३२ जीबीच असते, आणि ती भरली की पुढचे चित्रण वाया. ताका हातात आला की आपण मीटर मोजतो, पन्हा पाहतो. ड्राइव्हचेही तसेच करावे. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचा मोफत प्रोग्राम ड्राइव्ह पूर्ण भरून, पुन्हा वाचून खरे माप सांगतो. वेळ लागतो, रात्री लावून झोपावे. कॅमेऱ्यासाठीच बनवलेली, वारंवार लिहिणे-पुसणे सोसणारी हाय एन्ड्युरन्स जातीची मायक्रो एसडी कार्डेही मिळतात. ते कार्ड छोट्या यूएसबी रीडरमध्ये घालून लावले तरी चालते. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी आमची पसंती यालाच.

ड्राइव्ह तयार करणे सोपे आहे. ग्लोव्ह बॉक्समधील यूएसबीच्या खोबणीत ती लावावी. पुढच्या खोबणी पुष्कळ गाड्यांत फक्त चार्जिंगसाठी असतात. मग पडद्यावर कंट्रोल्स, त्यात सेफ्टी, आणि तिथे फॉरमॅटचे बटण. आधीचे सारे पुसले जाते हे ध्यानात ठेवावे. आवश्यक फोल्डर गाडी स्वतःच बनवते. संगणकावर करायचे असल्यास एक्सफॅट निवडावे. विंडोजची एनटीएफएस पद्धत गाडी स्वीकारत नाही. मग टेस्लाकॅम नावाचा फोल्डर इंग्रजीत बनवावा; टी आणि सी मोठ्या लिपीत, मध्ये जागा नाही, आणि तो दुसऱ्या फोल्डरच्या पोटात नको. त्याच ड्राइव्हवर नात-कव्वाली भरून ठेवण्याचा मोह टाळावा, तिला हे एकच काम द्यावे. पडद्यावरच्या कॅमेऱ्याच्या चिन्हावर लाल ठिपका दिसला की चित्रण सुरू झाले.

खरी मेख पुढे आहे. गाडी चालू असतानाचे चित्रण फक्त शेवटच्या मर्यादित वेळेचे राहते, जुने आपोआप पुसले जाते. म्हणून अपघात झाला की भांडत बसण्याआधी चिन्हाला स्पर्श करून मागील १० मिनिटे राखून घ्यावीत. हॉर्न वाजवताच राखले जाईल अशीही सोय सेटिंगमध्ये आहे. ती आजच चालू करून ठेवावी, कारण त्या क्षणी हात हॉर्नवर आपसूक जातो, पडद्यावर जात नाही. ड्राइव्ह काढण्यापूर्वी चिन्ह दाबून धरून चित्रण थांबवावे. चालू चित्रणात ओढून काढली तर फाइल बिघडू शकते.

आणि मग ती ड्राइव्ह गाडीत परत लावू नये. पाकिटात घालून तारीख लिहावी, गाडीला दुसरी द्यावी. दोन ड्राइव्ह घ्याव्यात असे आम्ही सांगतो ते याचसाठी. जालना विधानसभेच्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात जो खटला चालला, त्यात जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की इलेक्ट्रॉनिक नोंदीची नक्कल दाखल करताना प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ उपकरणच हजर केले तर त्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये या प्रमाणपत्राचा नमुना दोन भागांचा आहे. एक भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या ओळखीचा आकडा, लिहावा लागतो. फाइल एका अक्षराने बदलली तरी तो आकडा बदलतो. त्यामुळे मोबाइलवर कापून छाटून पाठवलेली क्लिप वकिलाच्या फारशी कामाची नाही. मूळ फाइल, तिच्या नावातल्या तारीख-वेळेसह, जशीच्या तशी द्यावी.

हेच चित्रण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवण्याची सवय मात्र आम्हाला पसंत नाही. सेंट्रीच्या कॅमेऱ्यात शेजाऱ्याचा दरवाजा येतो, येणाऱ्या-जाणाऱ्या माता-भगिनी येतात. सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीत दुसऱ्याची टेहळणी करण्यास मनाई आहे. घरासमोर, मशिदीच्या आवारात सेंट्री बंद ठेवता येते, त्याने बॅटरीही वाचते.

दुसऱ्या कंपनीची गाडी असेल तर यूएसबीऐवजी मेमरी कार्ड लागू शकते. गाडीचे पुस्तक पाहावे. माप तपासणे, रिकाम्या ड्राइव्हने सुरुवात करणे आणि महिन्यातून एकदा ती संगणकाला लावून कालचे चित्रण खरोखर दिसते का हे पाहणे, ही कामे तिथेही तशीच करावी लागतात.