पट्टा पडल्यावरचे जेवण

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की कार्यालयांमध्ये एकच विषय निघतो: यंदा एकतीस तारखेला काय करायचे? वाळवा तालुक्यातले आष्टाही त्याला अपवाद राहिलेले नाही. हॉल बघा, केक सांगा, वर्गणी काढा, रात्री आठची वेळ कळवा, एवढे ठरले की नियोजन झाले असे समजतात. त्याच रात्री सांगली-ईश्वरपूर रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर चालूच असतात, शेजारच्या कारंदवाडीत राजारामबापू कारखान्याच्या युनिटला तिन्ही पाळ्या भरलेल्या असतात आणि गव्हाणीत मोळी पडायची थांबत नाही. राज्यातला मागचा गळीत हंगाम 1 नोव्हेंबर 2025 ला सुरू झाला, त्याआधीचा 15 नोव्हेंबर 2024 ला. म्हणजे डिसेंबरअखेर हंगाम कुठे रंगात आलेला असतो. ज्यांचे वर्ष ऐन भरात आहे त्यांच्याकडून ते संपल्याचा आनंद मागायचा, हा प्रकार अजबच. माझे म्हणणे साधे आहे. टीमच्या वर्षअखेरीचा कार्यक्रम त्या कामाचे वर्ष जिथे संपते तिथे धरावा, आणि त्या वर्षाला ज्यांचे हात लागले त्या सगळ्यांना जेवायला बोलवावे. बाकीच्या नियोजनातल्या निम्म्या अडचणी एवढ्यानेच सुटतात.

आष्ट्याच्या परिसरात एका वर्षाचे शेवट किती ठिकाणी होतात ते पाहा. साखर कारखान्याचे कामाचे वर्ष पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबले, की संपते. ऊस किती यावर ते अवलंबून, पण साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कधीतरी. पतसंस्था आणि बँकांचे वर्ष 31 मार्चला मिटते, आणि त्या रात्री तिथला कारकून ताळेबंद जुळवत उशिरापर्यंत बसलेला असतो. हळदीची काढणी, शिजवणे, पॉलिश हे सगळे उरकून माल सांगलीच्या सौद्यात जाईपर्यंत शेतकऱ्याचा आणि अडत्याचा उन्हाळा लागलेला असतो. शाळांचे एप्रिल-मे, अभियांत्रिकी महाविद्यालयाचे परीक्षा आटोपल्यावर. व्यापाऱ्याचे वर्ष पिढ्यान्‌पिढ्या दिवाळी पाडव्याला बदलत आले. आयकरासाठीही पूर्वी दिवाळी ते दिवाळी हिशेब चालत असे; 1989-90 या कर आकारणी वर्षापासून सगळ्यांना मार्चअखेरीची सक्ती झाली. वहीपूजन मात्र पाडव्यालाच राहिले, कारण कायद्याने ताळेबंदाची तारीख बदलता येते, दुकान केव्हा दमते ते बदलता येत नाही. या सगळ्या तारखांत 31 डिसेंबर कुठेच बसत नाही.

यंदा तर ती तारीख आणखीच आडवी येते. 31 डिसेंबर 2026 ला गुरुवार आहे, आणि तो मार्गशीर्षातला गुरुवार आहे. घरी महालक्ष्मीचा घट मांडलेला, दिवसभराचा उपवास, संध्याकाळी पूजा, कहाणी, नैवेद्य आणि मग उपवास सोडणे; शेजारच्या सुवासिनींना हळदीकुंकवाला बोलावलेले. नेमक्या त्या वेळी हॉलवर चिकन सिक्स्टीफाइव्हचे ताट फिरणार. आमच्या भागात औदुंबर, नरसोबाच्या वाडीला जाणारे पुष्कळ, त्यामुळे गुरुवार पाळणारे पुरुषही कमी नाहीत. कार्यक्रमानंतर ‘बायका आल्याच नाहीत, त्यांना आवडच नसते’ अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा तारीख कोणी ठरवली आणि कोणाला विचारून, हे आधी तपासावे. रात्रीच्या वेळेचेही तसेच. बावची, वाळवा, दुधगावकडून रोज ये-जा करणाऱ्यांना रात्री अकराला एसटी मिळत नाही. मग दुचाकीवाले थांबतात आणि बाकीचे ताट न वाढताच निघतात. आमंत्रण सगळ्यांना दिले होते, हे खरेच असते. फक्त येण्याची सोय काहींचीच होती.

यावर एक चांगला आक्षेप आहे. जपानमध्ये बहुतेक कंपन्यांचे हिशेबाचे वर्ष मार्चमध्ये संपते, तरी ‘बोनेन्काई’ नावाची वर्ष विसरण्याची मेजवानी डिसेंबरातच झडते. मग आपल्यालाच डिसेंबरचे वावडे का? जपानने 1873 मध्ये ग्रेगरियन कॅलेंडर स्वीकारले आणि त्यांचा सर्वांत मोठा सण 1 जानेवारीवर जाऊन बसला. त्या सणाला कामे थांबतात आणि माणसे गावी जातात. मेजवानी होते ती त्या सुट्टीच्या तोंडावर. तोच न्याय आष्ट्याला लावला तर आपली बोनेन्काई वसुबारसेच्या आदल्या आठवड्यात यायला हवी, कारण इथे माणूस खरोखर हात टेकून बसतो तो दिवाळीला. ज्या कार्यालयाच्या कामाला ठळक शेवट नाही त्याने खुशाल दिवाळी धरावी. तरुणांना एकतीसची हौस असते हेही मान्य. ती मित्रांत भागते, आणि साहेबांसमोर भागवण्यापेक्षा तिथे बरी भागते.

दुसरा आक्षेप पैशाचा. जेवणावळी कशाला, तेच पैसे हातावर टेकवा, असे म्हणणाऱ्याची बाजू हलकी नाही. पण इथे दोन वेगळ्या खात्यांची गल्लत होते, आणि तिचा इतिहास महाग पडलेला आहे. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईच्या गिरण्यांनी काही वर्षे बोनस दिला. मालक त्याला खुशीची भेट समजत होते, कामगार पगाराचा भाग. 1923 चा बोनस नाकारला गेला तेव्हा 1924 च्या आरंभी दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या समितीने बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही असा निर्वाळा दिला. तो हक्क कायद्याने पक्का व्हायला 1965 साल उजाडले: वीस किंवा जास्त कामगारांची आस्थापना असेल तर किमान (पुढच्या सुधारणांनंतर) 8.33 टक्के, म्हणजे बाराव्या हिश्श्याइतका, आणि कमाल 20 टक्के. आता याच तरतुदी 2019 च्या वेतन संहितेत आल्या आहेत. बोनस हे देणे आहे, मेजवानी हा मान आहे. देणे थकवून मान दिला तर जेवण घशाखाली उतरत नाही, आणि नुसते देणे चुकते करून वर्षभर कोणी कोणाला ‘काम चांगले झाले’ असे म्हटले नाही तरी माणूस आतून खट्टू होतो. म्हणून आधी बोनस खात्यावर, मग पंगत. आणि पंगतीसाठी वर्गणी काढू नये. शिपायाने आणि व्यवस्थापकाने सारखी वर्गणी द्यायची म्हणजे समता नव्हे, तो शिपायावर कर आहे.

कार्यक्रमात करायचे काय? गाणी, खेळ, सत्कार यांत फार डोके घालवू नये. ते कोणीतरी हौशी करतोच. वर्ष कसे गेले याचा हिशेब सगळ्यांना कळेल अशा भाषेत सांगणे, हे मात्र हटकून राहते. कारखान्यात गाळप किती झाले, उतारा किती पडला, कितीदा आणि कशामुळे बंद पडावे लागले, ते कोणी निस्तरले. इथून जवळच, पूर्वीच्या औंध संस्थानातल्या माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, आणि दहाच वर्षांत, 1920 मध्ये, शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याची खबर देणारे ‘किर्लोस्कर खबर’ काढले. पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. कारखान्याची बातमी छापण्याजोगी असते, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी उमगले होते. कार्यक्रमाची वेळही दुपारची किंवा सायंकाळी पाच ते आठची धरली की दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियमही आड येत नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार कामानिमित्त गेलेली जागा आणि मालकाने दिलेले वाहनही कामाचे ठिकाण ठरते. पार्टीत झालेली आगळीक ‘मजेत झाली’ म्हणून सुटत नाही, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. जिथे काम थांबतच नाही, जसे दवाखाना किंवा पेट्रोल पंप, तिथे पाळी बदलताना दोन पंगती घालाव्यात, आणि दुसरीलाही जिलेबी पहिलीइतकीच गरम मिळेल हे बघावे.

शेवटचा आक्षेप पाहुण्यांच्या यादीवर येतो. कंत्राटी सफाईवाली, सुरक्षारक्षक, हंगामी कामगार हे ‘आपल्या टीमचे’ कसे? कायद्याकडे पाहा: वर्षात तीस दिवस काम केलेला कर्मचारीही बोनसला पात्र धरला जातो. आमंत्रणाची यादी कायद्याहून चिक्कू असू नये. कारखान्यांत हंगामाच्या सांगतेला सत्यनारायण होतो, जास्त ऊस आणणाऱ्या वाहतूकदारांचा सत्कार होतो, ही चांगलीच रीत. मात्र फेटा ठेकेदाराच्या डोक्याला बसतो आणि ज्यांच्या कोयत्याने ऊस तुटला ती बीडकडची जोडपी पालातच राहतात. ती मुकादमाची माणसे, कारखान्याच्या पटावर नाहीत, हे उत्तर हजेरीपटापुरते ठीक आहे. साखरेच्या पोत्यात त्यांचा वाटा आहेच. त्यांना जेवायला घालायचे तर सांगतेच्या दिवसावर ठेवून चालणार नाही, कारण पट्टा पडला की त्याच दिवशी पाल मोडून, भांडी-कुंडी, शेळ्या-कोंबड्या ट्रॅक्टरवर लादून टोळ्या गावाची वाट धरतात. कोणत्या गटातला ऊस किती उरला आहे हे शेतकी विभागाला आठवडाभर आधी कळते. एकेका गटाची तोड संपत येताना, तळावरच, दुपारी फडातून परतण्याच्या वेळी ही पंगत बसवता येते. वाढप्यांची फारशी गरज नाही. शेतकी विभागाच्या स्लिपबॉयने आणि चिटणिसाने हातात भांडी घेतली तरी पुरे.