खाजण, तिवर आणि चिखल : ठाणे-कल्याण खाडीपट्टीचा शब्दसंसार

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यापाशी उल्हास नदीला नदी म्हणावे की खाडी, असा प्रश्न पडतो. समुद्र तेथून दूर असूनही भरतीचा परिणाम तेथे जाणवतो. पुढे डोंबिवली, मुंब्रा या गावांजवळून जाऊन हा प्रवाह ठाण्यापाशी दुभंगतो. मुख्य पात्र घोडबंदरमार्गे वसईच्या खाडीकडे वळते, तर एक अरुंद फाटा दक्षिणेस ठाण्याच्या खाडीला मिळतो. साष्टी हे बेट ठरते ते याच जलरेषेमुळे. १८५४ साली लोहमार्ग ठाण्याहून कल्याणपर्यंत गेला. तेव्हापासून हा प्रदेश असंख्य प्रवाशांच्या दृष्टीखालून जात आहे. बहुतेकांना तेथे केवळ चिखल आणि झुडपे दिसतात. खाडीकाठच्या कोळी व आगरी समाजांच्या बोलीत मात्र याच भूमीचे सूक्ष्म वर्गीकरण आढळते.

या वर्गीकरणाचा पाया पाण्याच्या गतीत आहे. भरती-ओहोटी हे युग्म सर्वपरिचित आहे. 'उधाण' व 'भांग' हे युग्म तितके नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारी मोठी भरती म्हणजे उधाण. अष्टमीच्या सुमारास पाणी बेताने चढते, तो भांग. भरतीचे पाणी जिच्यावर पसरते ती काठाची खारी, दलदलीची जमीन म्हणजे 'खाजण'. तिच्या उंच भागावर केवळ उधाणाचे पाणी पोहोचते. भांगाच्या दिवसांत तो भाग उन्हाने तापतो व मातीतील मिठाचे प्रमाण वाढते. तेथे तग धरतो तो 'तिवर'. शोषलेले मीठ तो पानांवाटे बाहेर टाकतो आणि चिखलातून वर आलेल्या उभ्या मुळ्यांनी हवा घेतो. पाण्याच्या अधिक जवळ 'चिपी' वाढते. तिच्यापैकी पांढऱ्या चिपीला महाराष्ट्र शासनाने २०२० साली राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला. तात्पर्य, झाडाचे नाव उच्चारताच जाणकारास जमिनीची पातळीही कळते.

झाडांच्या पलीकडे, ओहोटीला उघडा पडणारा चिखल येतो. तो निर्जीव नाही. निवट्या नावाचे मासे त्यावर पंखांच्या आधाराने सरपटतात. खेकडे बिळे करतात. शैवाल व सूक्ष्म जीव तेथे विपुल असतात. याच अन्नासाठी रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, हजारोंच्या संख्येने येतात. लहान रोहित मुख्यतः सूक्ष्म शैवाल गाळून खातो. मोठा रोहित चिखलातील लहान प्राणीही टिपतो. या पक्ष्यांसाठी २०१५ साली ठाणे खाडीत सुमारे १,६९० हेक्टरांचे अभयारण्य घोषित झाले, आणि २०२२ साली खाडीला रामसर क्षेत्राचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

येथेच शब्दांचा प्रश्न व्यावहारिक होतो. अलीकडे 'खारफुटी' हा एकच शब्द साऱ्या खाडीपट्टीस लावला जातो. त्यामुळे लक्ष झाडांवर खिळते आणि चिखल म्हणजे झाडांवाचून राहिलेली रिकामी जागा, असा समज रुजतो. वस्तुतः रोहित तिवरांच्या दाटीत चरत नाही. त्याला मोकळा चिखल व उथळ पाणी लागते. गाळ साचून खाडी उथळ झाली की तिवरांचे रान चिखलावर पुढे सरकते. अशा वेळी हिरवे क्षेत्र वाढल्याचा आकडा समाधान देतो. पक्ष्याचे ताट मात्र आखडते. भराव घालणाऱ्याला 'पडीक जमीन' हा शब्द जसा सोयीचा, तसाच झाडे मोजणाऱ्याला 'खारफुटी' हा सोयीचा. दोहोंतही चिखल हिशेबाबाहेर राहतो.

बोलीतील शब्द जतन करावेत, हे केवळ भाषाप्रेमापोटी नव्हे. खाजण, उधाण, भांग, तिवर, चिपी, निवटी या शब्दांत कोणते पाणी कोठवर चढते व तेथे काय जगते, याची पिढ्यान्पिढ्यांची नोंद आहे. खाडीतील मासेमारी व मिठागरे ओसरत आहेत आणि त्यांच्याबरोबर हे शब्द बोलणारेही विरळ होत आहेत. म्हणून या पट्ट्यातील शब्दसंग्रहाचे काम शब्दापुढे अर्थ लिहून संपत नाही. प्रत्येक शब्दासमोर त्याची जागा, भरतीची वेळ व तेथील जीव यांचीही नोंद व्हावयास हवी.