दंडावरचं बटण आणि पॉलिसीतली बारीक अक्षरं

गणपती दोन महिन्यांवर आले की नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव अशा सगळ्या पेठांतली कॉलेजची पोरं-पोरी लेक्चर आणि क्लास आटोपून तिथं पोचतात. एकदा कमरेला ढोल बांधला की दोन तास कसे जातात, कळत नाही. या गर्दीत कधीतरी एखाद्याच्या दंडावर मोठ्या नाण्याएवढं पांढरं बटण चिकटवलेलं दिसतं. फिटनेस बँडचा नवा प्रकार असेल, असं बघणाऱ्याला वाटतं.

ते बटण फॅशनचं नसतं. ते असतं सीजीएम, म्हणजे कंटिन्युअस ग्लुकोज मॉनिटर. अंगातली साखर दिवसरात्र मोजत राहणारं यंत्र. टाइप वन डायबेटिस असलेल्या तरुणांसाठी ते मोठा आधार आहे. पण भारतात एखाद्या घरी चांगला पाच-दहा लाखांचा आरोग्य विमा असला, तरी या बटणाचे पैसे बहुतेक वेळा खिशातूनच जातात. असं का होतं आणि तुमच्या-आमच्या वयात त्याचा काय फटका बसतो, ते जरा नीट समजून घेऊ.

स्कोअर आणि रन रेट

बटणाच्या खाली केसासारखी बारीक तार असते. ती त्वचेच्या आत, पेशींभोवतीच्या द्रवात राहते आणि तिथलं ग्लुकोज मोजते. हा आकडा रक्तातल्या साखरेपेक्षा काही मिनिटं मागे असतो, पण तो मोबाइलवर सतत येत राहतो. सोबत एक बाण असतो : साखर स्थिर आहे, वर चाललीये की खाली घसरतेय. अनेक सेन्सर साखर फार उतरली तर रात्री अलार्मही वाजवतात. साधारण दोन आठवड्यांनी सेन्सर काढून नवा लावायचा.

क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर बोटाला सुई टोचून बघायचा ग्लुकोमीटर स्कोअर सांगतो. सीजीएम स्कोअर आणि रन रेट दोन्ही सांगतं.

आता हा रन रेट कुणाला लागतो? टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड जास्त खाल्लं म्हणून हा आजार होत नाही आणि तो अनेकदा लहानपणी किंवा विशीच्या आत गाठतो. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या एका मुलाला इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं. त्याआधी हा आजार म्हणजे मृत्यूच होता. आज इन्शुलिन आहे, पण डोस रोज स्वतः ठरवावा लागतो. कमी पडला तर साखर चढते, जास्त झाला तर उतरते. ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, डोकं चालेनासं होतं. आणखी उतरली तर माणूस बेशुद्ध पडू शकतो.

ढोल वाजवणं हा दणकून व्यायाम आहे. व्यायामात स्नायू साखर ओढून घेतात आणि हा परिणाम नंतरही काही तास टिकतो. म्हणजे सरावाच्या वेळी सगळं ठीक असतं आणि पहाटे तीनला झोपेत साखर उतरते. सरावाआधी ११० चा आकडा आणि आडवा बाण असेल तर साखर निदान स्थिर आहे. तोच ११० आणि बाण खाली असेल तर आधी काहीतरी खायला हवं. ग्लुकोमीटरवर हे दोन्ही ११० सारखेच दिसतात.

(तुमच्या पथकात, ग्रुपमध्ये असा कुणी मित्र असेल तर एवढं लक्षात ठेवा. तो गडबडल्यासारखा वाटला आणि शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा.)

हिशोब मांडून बघू

एका सेन्सरची किंमत पाच हजार रुपये धरू. काही थोडे स्वस्त मिळतात, काही महाग. दोन आठवड्यांना एक, म्हणजे वर्षाला २६ सेन्सर. झाले १ लाख ३० हजार. बोटाला टोचायची स्ट्रिप वीस रुपयांची धरली आणि दिवसाला चार वापरल्या, तर वर्षाचे साधारण २९ हजार. शिवाय इन्शुलिन, सुया, डॉक्टरांची फी, तीन महिन्यांनी एचबीएवनसी हे सगळं वेगळं.

म्हणून बरीच घरं मधला मार्ग काढतात. परीक्षेच्या महिन्यात सेन्सर लावायचा, एरवी स्ट्रिपवर भागवायचं. किंवा डॉक्टरांनी सांगितलं की वर्षातून दोन-तीनदा लावून साखरेचा पॅटर्न बघायचा. वाईट काहीच नाही, पण रात्री वाजणारा अलार्म उरलेल्या महिन्यांत नसतो.

मग विमा काय करतो?

समजा, पेठेतल्या एका घरात वडिलांच्या नावावर पाच लाखांची फॅमिली फ्लोटर पॉलिसी आहे. मुलगी एसवायला आहे, टाइप वन आहे, आणि पॉलिसीचा प्रतीक्षा काळ संपलेला आहे. एका रात्री तिची साखर उतरते, तिला हॉस्पिटलमध्ये हलवतात, दोन दिवस आयसीयूत ठेवतात. क्लेम मंजूर होऊ शकतो. घरी सोडताना डॉक्टर सांगतात, 'आता सीजीएम लावा, म्हणजे पुन्हा असं होणार नाही.' त्या सेन्सरचं बिल मात्र कंपनी परत पाठवते.

याचं कारण पॉलिसीच्या रचनेत आहे. आपल्याकडचा बहुतेक आरोग्य विमा हा खरं तर हॉस्पिटलात भरती होण्याचा विमा आहे. किमान २४ तास भरती असावं लागतं किंवा उपचार डे-केअरच्या यादीत असावा लागतो. १ एप्रिल २०२० पासून सगळ्या कंपन्यांना विकावी लागणारी 'आरोग्य संजीवनी' ही प्रमाणित पॉलिसी घ्या. तिच्यात भरतीचा खर्च, भरतीआधीचे ३० दिवस आणि नंतरचे ६० दिवस एवढा भाग येतो. वर्षभराची ओपीडी त्यात नाही.

विमा नियामक आयआरडीएआयची न मिळणाऱ्या खर्चांची यादीही वाचण्यासारखी आहे. क्रेप बँडेज, थर्मामीटर, मधुमेहींची खास पादत्राणं यांच्यासाठी कंपनीनं पैसे देणं बंधनकारक नाही. ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप दुसऱ्या यादीत आहेत : हॉस्पिटलनं तो खर्च उपचाराच्या बिलातच धरायचा, वेगळा लावायचा नाही. म्हणजे वॉर्डात साखर तपासली तर ती उपचारात धरली जाते. तीच घरी तपासली तर तुमचा खासगी खर्च.

सरकारी योजनांचं गणितही असंच आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण ते ठरावीक आजारांवरच्या हॉस्पिटलमधल्या उपचारांसाठी. दंडावरचं बटण त्या चौकटीत बसत नाही.

कंपनीचं म्हणणं काय?

तेही ऐकून घ्यायला हवं. विमा हा अनिश्चित गोष्टीचा असतो. अपघात होईल किंवा होणार नाही. सेन्सर मात्र दर दोन आठवड्यांनी लागणार हे नक्की. नक्की असलेल्या खर्चाचा विमा काढला तर प्रीमियम त्या खर्चाएवढाच होईल. शिवाय ज्यांना सेन्सर लागतो तेच अशी पॉलिसी घेतील, बाकीचे फिरकणार नाहीत.

हिशोबाच्या पातळीवर यात तथ्य आहे. पण त्याला दुसरी बाजूही आहे. साखर आटोक्यात राहिली नाही तर पुढे डोळे, किडनी, पाय यांच्यावर परिणाम होतो, आणि तो खर्च हॉस्पिटलच्याच बिलातून येतो, म्हणजे विम्यातूनच. पाच हजार नाकारायचे आणि दोन लाख मंजूर करायचे, असा हा व्यवहार आहे. त्यात पैशांपेक्षा मोठी किंमत पेशंट मोजतो.

दुसरीकडे काय केलं? फ्रान्सनं २०१७ मध्ये सेन्सरचा खर्च सार्वजनिक विम्यातून द्यायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये मार्च २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी टाइप वनच्या सगळ्या पेशंटना सीजीएम द्यावं असं सांगितलं. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२२ पासून टाइप वनच्या सगळ्यांसाठी सवलत लागू केली. अमेरिकेतल्या मेडिकेअरनं २०१७ मध्ये सुरुवात केली आणि २०२३ मध्ये इन्शुलिन घेणाऱ्या सगळ्या सदस्यांपर्यंत व्याप्ती वाढवली. या सगळ्या ठिकाणी भार उचलला तो संपूर्ण समाजाचा पैसा एकत्र करणाऱ्या यंत्रणेनं. 'ज्याला लागतो तोच घेईल' ही अडचण तिथं उरतच नाही.

परदेश लांब वाटत असेल तर केरळ बघा. तिथल्या सामाजिक सुरक्षा मिशनची 'मिठाई' नावाची योजना टाइप वनच्या मुलांना इन्शुलिन पेन, सीजीएम, पंप अशी मदत देते. आणि विम्यात ओपीडी बसतच नाही, असंही नाही. १९५२ साली सुरू झालेली आपली ईएसआय योजना कामगारांना आणि त्यांच्या घरच्यांना ओपीडी आणि औषधं देत आली आहे.

पंचविशीचं वळण

कॉलेजवाल्यांनी खास लक्ष द्यावं अशी गोष्ट पुढे आहे. आई-वडिलांच्या पॉलिसीत मुलं बहुधा २५ वर्षांपर्यंतच राहतात. ज्याला काही आजार नाही त्याला नवी पॉलिसी सहज मिळते. टाइप वन असलेल्याला मात्र काही कंपन्या थेट नकार देतात, काही जास्त प्रीमियम लावतात. म्हणून पंचविशीच्या आधीच हालचाल केलेली बरी.

फ्लोटरमधून बाहेर पडताना त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि पूर्ण झालेला प्रतीक्षा काळ सोबत नेता येतो. कंपनी बदलायची असेल तर रिन्युअलच्या किमान ४५ दिवस आधी पोर्टिंगचा अर्ज करा. मध्ये एखादं वर्ष पॉलिसी बंद पडू दिली, तर मात्र सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आजार लपवून पॉलिसी घ्यायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. १ एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, पूर्वी तो चार होता. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती दडवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही. म्हणजे खरं सांगणाऱ्याला तीन वर्षं थांबायचं आहे. लपवणारा पकडला गेला तर पैसे जातात आणि पॉलिसीही जाते.

पॉलिसी घेताना हे विचारा

- ओपीडी कव्हर आहे का? वर्षाला किती रुपयांचं? त्यात फक्त डॉक्टरांची फी येते की तपासण्या आणि औषधंही?
- 'घरी वापरायची उपकरणं' वगळलेल्या गोष्टींत आहेत का? सीजीएमचं नाव कुठे लिहिलंय का?
- डायबेटिससाठी पहिल्या दिवसापासून संरक्षण असं म्हणत असतील, तर त्यात टाइप वन धरलाय का?
- एजंटनं तोंडी 'होतं हो' म्हटलं तर ते ईमेलवर मागा.
- कॉलेजच्या फीमधला विमा बहुतेकदा अपघाताचा असतो. त्यावर विसंबू नका.
- कॅम्पस प्लेसमेंटमध्ये पॅकेज विचारता तसं ग्रुप मेडिक्लेममध्ये ओपीडी आहे का, हेही विचारा. ग्रुप पॉलिसीत बऱ्याचदा प्रतीक्षा काळ नसतो, आणि कव्हर कसं असावं हे कंपनीचा एचआर विमा कंपनीशी बोलून ठरवू शकतो.

क्लेम नाकारला तर?

नकार लेखी मागा, पॉलिसीतलं कलम कोणतं ते विचारा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. महिनाभरात उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. पुण्याचं लोकपाल कार्यालय नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत आहे, म्हणजे कसब्यातून चालत जाण्याच्या अंतरावर. फी नाही, वकील लागत नाही. मात्र नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं.

एक गोष्ट स्पष्ट असू दे. लोकपाल पॉलिसीत जे आहे ते मिळवून देतो, जे नाही ते नव्यानं लिहून देत नाही. ते काम नियम करणाऱ्यांचं. आणि नियम बदलतात. मानसिक आजार पूर्वी पॉलिसीत सर्रास वगळले जायचे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं ते शारीरिक आजारांच्या बरोबरीनं धरायला विमा कंपन्यांना भाग पाडलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, ग्लुकोमीटर आणि स्ट्रिपवरचा १२ वरून ५ टक्क्यांवर आला. काही वर्षांपूर्वी हे होईल असं कुणी म्हटलं असतं तर आपण हसलो असतो. इन्शुलिनवर जगणाऱ्या तरुणांसाठी सेन्सर हा उपचाराचाच भाग धरावा, ही मागणी तेवढीच साधी आहे.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. आज घरी गेलात की कपाटातून मेडिक्लेमची फाइल काढा. पहिलं पान सोडा, तिथं सगळं छानच लिहिलेलं असतं. 'वगळलेल्या गोष्टी' हे पान उघडा आणि आई-बाबांसोबत बसून वाचा. घरात कुणाला डायबेटिस नसला तरी वाचा. आजार विचारून येत नाही आणि पॉलिसी आजार आल्यावर वाचून उपयोग नसतो.